एक गीत, अनेक चाली

(वाचनासाठी शास्त्रभाग : स्तोत्र 14, स्तोत्र 53, स्तोत्र 108)



एका खेड्यातील मंडळीकडून आम्हांस निरोप आला की, पाळकसाहेबांनी येऊन आमचा तंटा मिटवावा. तंटा शेताच्या बांधाचा नव्हता, पाण्याच्या पाळीचाही नव्हता. तो एका गीताच्या चालीचा होता. जे गीत तेथील वडील माणसे आपल्या आजोबांपासून पेटीवर, सावकाश, विलायती चालीवर गात आली, तेच गीत तरुणांनी भजनाच्या चालीवर बसविले आणि ढोलकी व टाळ यांच्या साथीने उपासनेत म्हटले. दुसऱ्या कडव्यास दोन वडील उठून बाहेर गेले. पुढील रविवारी जुनी चाल लागली, तेव्हा तरुणांनी तोंडे मिटून घेतली. ज्या गीतात प्रभूच्या प्रीतीचे वर्णन, त्याच गीतावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला. खरी चाल कोणती तेवढे सांगा, असे दोन्ही पक्षांचे म्हणणे होते.

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आमचा स्वतःचा एक अपराध कबूल करणे आम्हांस भाग आहे. सेमिनरीतील शिक्षण संपवून आम्ही एका लहान मंडळीची सेवा करू लागलो, तेव्हा तेथे एक वृद्ध विधवा होती. तिला अक्षरओळख नव्हती. तथापि गीतसंग्रहातील पुष्कळ गीते तिला मुखोद्गत होती. ती गीते ती जात्यावरील ओवीच्या चालीवर म्हणे, कारण पहाटे दळता दळता आपल्या आईच्या तोंडून तिने ती तशीच ऐकिली होती. एका रविवारी तिने आपल्या चालीवर गीत उचलिले. आम्ही हात वर करून तिला सर्वांसमक्ष थांबविले व म्हणालो, "आजी, ही चाल चुकली. पुस्तकातली चाल निराळी आहे." ती "बरं, साहेब" एवढेच म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर दीड वर्ष ती नेमाने उपासनेस आली, परंतु तिने एकदाही तोंड उघडले नाही. मंडळीच्या गायनास आता शिस्त लागली, असे आम्ही समजत होतो!

पुढे तिचा नातू तापाने आजारी पडला. रात्री प्रार्थनेसाठी आम्ही तिच्या घरी गेलो, तो दारातच आमचे पाय थबकले. आत ती मुलाच्या उशाशी बसून तेच गीत त्याच चालीवर हळू आवाजात म्हणत होती. त्या गीतात प्रभूला "ये" अशी हाक आहे. आमच्या चालीत तो शब्द एका मात्रेत निघून जातो. आम्ही तो शेकडो वेळा म्हटला असेल, पण त्याकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. तिच्या चालीत त्या शब्दापाशी श्वास थांबे, आणि तो शब्द ती पुन्हा म्हणे, आणि पुन्हा म्हणे, जणू दारात उभ्या असलेल्या कोणाला ती आत बोलावीत होती. त्या रात्री ते गीत आम्ही प्रथमच ऐकिले असे म्हटले तरी चालेल. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "साहेब, मला वाटलं, देवाला बी ती चाल आवडत न्हाई." हे तिचे शब्द आजही आमच्या काळजात रुतून आहेत.

आता पवित्र शास्त्र ह्याविषयी काय शिकविते ते पाहू. स्तोत्र 14 व स्तोत्र 53 ही एकामागून एक वाचा. देव नाहीच असे मनात धरून चालणाऱ्या मनुष्याची गोष्ट दोहोंत आहे, आणि बहुतेक ओळीही त्याच आहेत. एकच गीत शास्त्रात दोनदा का यावे? कोणा लेखकाची ही चूक म्हणावी काय? नव्हे. नीट पाहिल्यास भेद दिसतात. जेथे पहिले गीत परमेश्वर हे नाव घेते, तेथे दुसरे देव म्हणते. दुसऱ्याच्या मथळ्यावर महलथ हा शब्द आहे. तो गाण्याच्या रीतीविषयीचा संकेत असावा, असे पुष्कळ पंडित मानितात. सर्वांत मोठा भेद शेवटाकडे आहे. स्तोत्र 14 सांगते की, देव नीतिमानांच्या संगतीस आहे आणि दीनाचा आश्रय परमेश्वर आहे. स्तोत्र 53 त्याच ठिकाणी वेढा घालणाऱ्या शत्रूची हाडे देवाने विखुरली, असे गाते. एक गीत पिडलेल्यास धीर देते, दुसरे सुटका पावलेल्यास जयघोष शिकविते. ज्यांनी स्तोत्रांचा संग्रह केला त्यांस ह्यांपैकी एक गाळून टाकिता आले असते. त्यांनी दोन्ही राखिली. दुःखाच्या दिवसाला एक हवे, सुटकेच्या दिवसाला दुसरे हवे, हे ते जाणत असावेत.

स्तोत्र 18 हे 2 शमुवेल 22 मध्येही आले आहे. परंतु स्तोत्रसंहितेत त्याच्या आरंभी परमेश्वरावरील प्रीतीची एक ओळ आहे, ती शमुवेलाच्या पुस्तकात नाही. एकाच गीतास एका ठिकाणी प्रीतीचा उंबरठा अधिक लाभला.

स्तोत्र 108 तर आणखी नवल आहे. त्याच्या पहिल्या पाच ओव्या स्तोत्र 57 च्या उत्तरार्धातून आल्या आहेत व उरलेल्या स्तोत्र 60 च्या उत्तरार्धातून. स्तोत्र 57 चा आरंभ शौलाच्या भयाने गुहेत लपलेल्याचा आहे. स्तोत्र 60 चा आरंभ देवाने टाकिलेल्या पराभूत लोकांचा विलाप आहे. दोन्ही गीतांतील रडणे मागे ठेवून, दोहोंच्या शेवटची आशा व स्तुती एकत्र गुंफली, आणि तिसरे गीत उभे राहिले. ओळी जुन्या, गीत नवे. आमच्या स्त्रिया दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग जोडून गोधडी शिवितात. तिला कोणी चोरी म्हणत नाही, आणि थंडीच्या दिवसांत ती ऊबही देते.

स्तोत्रांच्या मथळ्यांकडेही लक्ष द्या. आमच्या जुन्या मराठी पदसंग्रहांत पदाच्या वर "चाल" असे लिहून एखाद्या ओळखीच्या पदाचे नाव दिलेले असते. स्तोत्र 22 च्या मथळ्यात पहाटेच्या हरिणीचा उल्लेख आहे. स्तोत्र 57, 58, 59 व 75 ह्या चारही स्तोत्रांवर नाश करू नको अशा अर्थाचे एकच शब्द आहेत. हे त्या काळच्या ओळखीच्या चालींचे निर्देश असावेत, असे अनेकांचे मत आहे. तसे असेल, तर एका चालीने अनेक गीतांची सेवा केली. ते स्वर मात्र आज कोणासही ठाऊक नाहीत. चाली गेल्या, शब्द राहिले. आणि प्रत्येक पिढीने त्या शब्दांस आपला गळा दिला.

कोणी म्हणेल की, रचणाऱ्याने जी चाल दिली तीच खरी. अशा बंधूंनी जॉन न्यूटन ह्यांच्या गीताचा विचार करावा. हा मनुष्य पूर्वी गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजाचा कप्तान होता; पुढे देवाच्या कृपेने तो इंग्लंडातील ओल्नी गावी उपदेशक झाला. "अमेझिंग ग्रेस" हे त्याचे गीत 1779 साली छापून प्रसिद्ध झाले. 1807 साली न्यूटन मरण पावला. आज ज्या चालीवर सर्व जग ते गीत गाते, ती चाल त्याला अमेरिकेत विल्यम वॉकर नामक गृहस्थाने 1835 च्या आपल्या संग्रहात जोडिली. म्हणजे ज्याच्या अंतःकरणातून ते गीत निघाले, त्याने ते आजच्या चालीवर कधी ऐकिलेच नाही! आम्ही ज्या चालीस मूळची म्हणून कवटाळितो, ती पुष्कळदा आमच्या बाळपणाची चाल असते, इतकेच. बाळपणाची चाल प्रिय असणे हा दोष नव्हे. तिला सीनाय पर्वतावरून आलेली समजणे हा दोष आहे.

आमच्या महाराष्ट्रातही देवाने असेच केले. 1616 साली गोमंतकात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. जन्माने इंग्रज असून त्यांनी प्रभूची कथा ओवीत गाइली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक ह्यांनी अभंग व भजने ख्रिस्ताच्या चरणी वाहिली. त्यांनी जुन्या विलायती चालींच्या घरास आग लाविली नाही. त्याच घरास आपल्या मातीचा आणखी एक सोपा काढिला. आज त्या सोप्यात बसण्यास कोणाही ख्रिस्ती मनुष्यास संकोच का वाटावा?

तथापि स्वातंत्र्यास मर्यादाही आहेत, त्या आम्ही लपवीत नाही. जी चाल इतकी वेगाने धावते की शब्द कानी पडत नाहीत, ती गीताची चाकर न राहता धनीण होते. जी चाल ऐकताच ऐकणाऱ्याचे मन सिनेमाच्या गाण्याकडे ओढले जाते, ती गाणाऱ्यास निर्दोष वाटली तरी दुर्बल भावासाठी त्याने ती सोडावी. रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल हेच शिकवितो. आणि चाल कोणतीही असो, ज्या मंडळीत न्याय नाही, तिच्या गीतांचा गोंगाट देवाला नकोसा होतो, असे आमोस संदेष्टा 5 व्या अध्यायात बजावितो. पेटी की ढोलकी, ह्यावर भांडणारे आपण आपल्या गड्याची मजुरी वेळेवर देतो काय, हे देव आधी विचारील.

मग काय करावे? उपदेशक बंधूंस आमची सूचना अशी की, महिन्यातून एका सायंकाळी मंडळीस जमवून एकच गीत दोन रीतींनी म्हणावे. प्रथम वडिलांनी आपल्या चालीवर म्हणावे व तरुणांनी ऐकावे. नंतर तरुणांनी म्हणावे व वडिलांनी ऐकावे. मध्ये कोणी कोणास चूक दाखवू नये. शेवटी प्रत्येकाने एवढेच सांगावे की, दुसऱ्याच्या चालीत कोणता शब्द मला नव्याने ऐकू आला. त्याच ज्वारीची भाकरी होते, कण्या होतात, हुरडाही होतो. जो तिन्हींची चव घेतो तो ज्वारीचा अपमान करीत नाही, उलट देवाने एका दाण्यात किती ठेविले आहे हे जाणून उपकार मानितो. उपासनेत मात्र एका वेळी एकच चाल धरावी व सर्वांनी मिळून म्हणावी.

त्या खेड्यात आम्ही हेच केले. निवाडा दिला नाही. बाहेर गेलेल्या वडिलांपैकी एकाने तरुणांचे गीत डोळे मिटून ऐकिले व म्हणाला की, तिसरे कडवे इतके आनंदाचे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. दुसरा काही बोलला नाही. पण ह्या खेपेस तो उठूनही गेला नाही. तरुणांतील एकाने कबूल केले की, सावकाश चालीत त्याला प्रथमच वधस्तंभाजवळ उभे राहण्यास वेळ मिळाला. तंटा पुरता मिटला असे आम्ही म्हणत नाही. तथापि पुढील रविवारी सर्वांची तोंडे उघडी होती.

प्रियजनहो, प्रकटीकरणाच्या 15 व्या अध्यायात तारण पावलेले लोक मोशेचे व कोकऱ्याचे गीत गातात. मोशेच्या काळी समुद्राच्या काठी जे गीत उठले, त्याचे नाव स्वर्गातही विसरले गेले नाही; परंतु तेथे त्याचे शब्द नव्याने उमलले आहेत. स्वर्गातच जुन्या गीतास नवा साज चढतो, तर पृथ्वीवर आम्ही त्यास कुलूप का घालावे? तुमच्या मंडळीत माझ्या चुकीने गप्प बसलेली एखादी आजी, किंवा रागावलेला एखादा तरुण, असेल काय, असे प्रत्येक पाळकाने व उपदेशकाने स्वतःस विचारावे. असल्यास येत्या रविवारची वाट न पाहता त्याच्या दारी जावे आणि म्हणावे, तुझ्या चालीवर ते गीत मला ऐकीव.

आमच्या त्या वृद्ध भगिनीचा नातू बरा झाला. ती आता प्रभूजवळ गेली आहे. तो नातू मंडळीत पेटी वाजवितो, आणि वर्षातून एकदा पेटी बाजूला सारून ते गीत आजीच्या चालीवर उचलितो. "ये" ह्या शब्दापाशी सर्व मंडळी थांबते.

प्रभू आम्हां सर्वांचे कान उघडो. आमेन.