साच्याच्या तोंडापलीकडे

ऑलिव्हर वॉलकॉट हे नाव कोल्हापुरात कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. मलाही ते कनेक्टिकटला मुलाकडे राहायला गेल्यावर कळलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हा एक, लिचफील्ड गावचा. त्याच्या कागदपत्रांत एक यादी आहे. माझा सगळा जन्म आधी उद्यमनगरात आणि मग शिरोलीच्या एमआयडीसीत लोखंड ओतण्यात गेला, त्यामुळे ती वाचताना मला रोजच्या उत्पादनाचा तक्ता वाचल्यासारखं वाटलं.

न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकात तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. १७७० मध्ये बसवलेला, शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. ९ जुलै १७७६ ला वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे जाहीरनामा वाचला गेला, आणि त्याच संध्याकाळी लोकांनी दोर लावून राजाला घोड्यासकट खाली ओढलं. शिसं साधारण ४,००० पौंड. त्यातलं बरंचसं बोटीने आणि पुढे बैलगाड्यांनी वॉलकॉटच्या घरी आलं. घरातल्या आणि शेजारच्या बायकामुलांनी ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. कुणी किती केल्या ते लिहून ठेवलं. रूथ मार्विन ११,५९२. वॉलकॉटची अकरा वर्षांची मुलगी मेरी अ‍ॅन १०,७९०. तिची थोरली बहीण लॉरा ८,३७८. धाकटा फ्रेडरिक, आठ-नऊ वर्षांचा, ९३६. (पोरगं मधूनच खेळायला पळत असणार.) बाकीच्यांच्या धरून एकूण ४२,०८८.

आता मी जैन घरातला माणूस. यादी वाचून पहिला प्रश्न पडला तो इतिहासाचा नव्हता. या मुलींच्या खात्यावर काय जमा झालं, हा होता.

आमच्याकडे याचं एक तयार उत्तर आहे. श्रावकाने टाळायच्या निरर्थक पापांत 'हिंसादान' येतं, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्या साधनांत तलवार आहे, तशी कुऱ्हाड आहे, खणायचं हत्यार आहे, विस्तवसुद्धा आहे. म्हणजे शेजारणीला चुलीतला निखारा देतानाही विचार करावा. पण त्याच परंपरेत भगवान ऋषभदेवांनी माणसाला जगण्याचे सहा उद्योग शिकवले, आणि त्यांत सगळ्यात पहिला 'असि', तलवारीचा. लहानपणी पाठशाळेत मी पंडितजींना याचा मेळ विचारला होता. ते म्हणाले, "विरोधी हिंसा वेगळी, संकल्पी वेगळी." मुद्दाम ठरवून केलेली ती संकल्पी. स्वतःच्या, देशाच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी हिंसा, गृहस्थाला ती पूर्णपणे सुटत नाही. या हिशेबाने वॉलकॉटच्या मुली सुटतात. राजाच्या फौजा खरोखरच दाराशी येणार होत्या.

मला हे उत्तर खोटं वाटत नाही, फक्त फार लवकर संपतं. मेरी अ‍ॅनने पहिली गोळी ओतताना देश डोळ्यांपुढे ठेवला असेल. पाचहजारावी ओतताना?

श्वेतांबरांच्या भगवतीसूत्रात यापेक्षा कठोर विचार आहे. आम्ही दिगंबर ते आगम प्रमाण मानत नाही, पण वाचायला कुणी बंदी केलेली नाही. तिथे प्रश्न येतो: धनुर्धराने बाण सोडला आणि जीव मेला, तर दोष कुणाकुणाला लागतो? धनुर्धराला तर लागतोच. शिवाय ज्या जीवांच्या शरीरांपासून ते धनुष्य, ती दोरी, तो बाण झाला, त्या जीवांनाही लागतो! खाणीतलं शिसं हा आपल्याकडे पृथ्वीकायिक जीवांचा देह. म्हणजे तो हिशेब पुढे नेला तर मेरी अ‍ॅनच्याही आधी, राजाच्याही आधी, त्या मुक्या धातूपर्यंत बोट पोचतं. टाकून दिलेल्या देहावरचा हक्क ज्याने जाणूनबुजून सोडला नाही, त्याची त्यातून सुटका नाही, अशी त्यामागची धारणा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

मुलाच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. ते गॅरेजबाहेर गोळ्या ओततात. बोलावणं आल्यावर बायको म्हणाली, "अहो, शिसं बघायला चाललात की गोळ्या?" मी म्हटलं, शिसं. गॅसच्या शेगडीवर बिडाचं भांडं, त्यात मोटारीच्या चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं. शिसं ३२७ अंशांवर वितळतं आणि वजनांच्या पोलादी चिमट्या वर तरंगायला लागतात. लोखंड शिशावर तरंगताना बघायला मला या वयातही आवडलं. त्या चमच्याने काढायच्या. मेणाचा तुकडा टाकायचा, धूर होतो, भपकन पेटतो, मग ढवळायचं, म्हणजे कथील परत रसात मिसळतं आणि राखाडी मळी वर येते. साचा आधी तापवून घ्यायचा. थंड असला तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती पांढुरकी निघते. पळीने रस ओतायचा, वरचा शेंडा गोठेपर्यंत थांबायचं, लाकडी दांड्याने पट्टीवर टोला द्यायचा, शेंडा कापला जातो, साचा उघडायचा, गोळी घडी केलेल्या टॉवेलवर पडते. पाण्याचा थेंब भांड्यात जाता कामा नये. त्याची वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. आणि हात धुतल्याशिवाय नातवंडांना जवळ घ्यायचं नाही, शिसं हळूहळू मेंदूत जातं. ते शेजारी या बाबतीत आमच्या एकाही ओतकामगारापेक्षा शिस्तीचे होते.

त्यांनी पळी माझ्या हातात दिली. मी ओतल्या. चांगल्या निघाल्या, आणि मला मजा आली.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. नुसता जीव गेला एवढ्याने हिंसा ठरत नाही. करणाऱ्याचं अवधान सुटलेलं, राग-लोभासारख्या कषायांनी मळलेलं असावं लागतं. अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हाच धागा ताणून दाखवलं, की हिंसेचं फळ किती हात लागले यावरून वाटलं जात नाही. हे मी आयुष्यभर मान्य करत आलो. पण पळी धरणाऱ्याइतका अप्रमत्त माणूस कुठे सापडेल? श्वाससुद्धा जपून घेत असतो तो. रसाचा रंग, साच्याची धग, शेंड्यावरची चमक, सगळं मन तिथे गोळा झालेलं असतं. सामायिकाला, म्हणजे आमच्या ध्यानाला, बसून मला इतकी एकाग्रता क्वचित साधली आहे. फक्त ती साच्याच्या तोंडाशी थांबते. त्यापुढे गोळी कुठे जाते याच्याशी तिला देणंघेणं नसतं, किंबहुना तिकडे बघितलं तर हात चुकतो. कसब आपल्याला जागं ठेवतं ते एवढ्याशा वर्तुळात, आणि बाहेर गाढ झोपू देतं. मेरी अ‍ॅनच्या १०,७९० च्या आकड्यात मला राग दिसत नाही, द्वेष दिसत नाही. चांगल्या हाताची घाई दिसते. शास्त्राला विचारायचं तर हे विचारावं लागेल, की अशा सावधपणाला प्रमाद म्हणायचं की नाही. माझं मत, म्हणावं.

त्या यादीत शेवटी दोन बारक्या नोंदी आहेत: गावच्या मिलिशियाला ५० दिल्या, एका कर्नलच्या रेजिमेंटला ३००. या ३५० कुणाच्या हाती गेल्या ते तरी तिथे लिहिलंय. उरलेल्या ४१,७३८ कुणी केल्या, एवढंच.

शेजाऱ्यांनी नंतर दुसरा साचा काढला. मासे पकडायच्या दोरीला लावतात त्या वजनांचा. भांडं तेच, पळी तीच. मी हात मागे घेतला. ते हसून म्हणाले, गोळ्या ओतल्यात आणि याला नाही? मी सांगितलं, तुमच्या गोळ्या कागदाच्या लक्ष्यावर जातात असं तुम्हीच म्हणालात. हे वजन कशासाठी आहे ते मला दिसतंय. त्यांना ते पटलं, निदान मान तरी हलवली. गॅरेजच्या फळीवर गोळ्यांनी भरलेले कॉफीचे डबे रांगेने ठेवले होते. त्यांतल्या सगळ्याच कागदावर जाणार का, हे मी त्यांना विचारलं नाही.