वशिल्याचं मीठ

वशिल्याला शिव्या घालणं हा आम्हां मध्यमवर्गीयांचा फावल्या वेळचा धर्म आहे. फावल्या वेळचा अशासाठी, की उरलेला वेळ वशिला शोधण्यात जातो. आमचे मामा मात्र या बाबतीत अगदी सोवळे. स्वतःच्या गुणांवर आत जाईल तो खरा, दुसऱ्याचं बोट धरून जाईल तो चोर, हा त्यांचा सिद्धान्त.

हा सिद्धान्त आपल्या शरीराला कुणी कळवलेला दिसत नाही. शरीर म्हणजे अब्जावधी पेशींची चाळ. प्रत्येक खोलीला स्निग्ध पदार्थाचा एक दुपदरी पडदा, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. पण त्याचा रुबाब बघावा! प्राणवायू न विचारता आत जातो. ठीक आहे, घरचा माणूस. दारूही न विचारताच जाते, हे मात्र मला पसंत नाही. साखरेसारख्या सभ्य बाईला मात्र दाराशी थांबावं लागतं. आणि आतड्यातलं एक दार तर असं, की साखर एकटी आली तर उघडतच नाही. सोबत मिठातलं सोडियम हवं. ग्लुकोजच्या एका कणामागे सोडियमचे दोन! ही भानगड रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडली. ही जोडी आत गेली की पाणी आपसूक मागोमाग जातं.

म्हणजे चक्क वशिलाच की! पण पटकी झाली की हाच वशिला जीव वाचवतो. पटकीचं विष आतड्यातून मीठपाणी बाहेर ओतायला लावतं, पण हे जोडीचं दार त्याला बिघडवता येत नाही. १९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली. रोग्यांच्या नातलगांनी ते पेल्या-पेल्याने पाजलं. सुमारे ३० टक्के माणसं दगावत होती, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

मी हे मामांना ऐकवलं. मामा म्हणाले, "अरे, त्याला सोबत म्हणतात. वशिल्यात मागच्याचा नंबर जातो. तुझ्या साखरेनं कुणाचा नंबर मारला?"

प्रश्न बिनतोड होता. पण माझ्याकडेही एक मुद्दा शिल्लक होता. सोडियमला हे वजन येतं कुठून? पेशीतला एक पंप रात्रंदिवस दर फेरीला तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. म्हणून तर बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं असतं. हे वजन कष्टाचं आहे, आणि पेशी ते साखरेसाठी खर्चून टाकते. मामांनी तीस वर्षं मास्तरकी करून गावात शब्दाला वजन मिळवलं. ते कुणासाठीच खर्चायचं नाही, तर मग ठेवायचं कशाला? लोणच्याला?

मामा त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात आमच्या कामवाल्या बाई रडत आल्या. मुलाला तपासायला इस्पितळात नेलं होतं, पण कागद नीट भरला नाही म्हणून खिडकीवरून दोनदा परत पाठवलं. त्या इस्पितळातला एक मोठा डॉक्टर मामांचा विद्यार्थी. मामांनी त्याला फोन केला नाही. कोट चढवला आणि बाईंबरोबर जाऊन रांगेत उभे राहिले. मीही गेलो. कागद मामांनी भरला. खिडकीतल्या माणसाने आधी कोटाकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि बाईंचा जो नंबर होता तोच दिला. एकही कमी नाही. पण या खेपेला "या, बसा" म्हणाला.

आम्ही निघालो, तेवढ्यात मागच्या बाईने आपला कागद मामांपुढे धरला. तिच्यामागून आणखी एक हात आला. मामांनी माझ्याकडे एकदा रागाने पाहिलं आणि खिशातून पुन्हा चष्मा काढला.