सकाळी चहा कितीला झाला?

कळंबच्या आसपासच्या वाडीतलं माणूस ऑपरेशनला निघतं तेव्हा उजाडलेलं नसतं. रिक्षाने नेरळ गाठायचं, तिथून लोकलने कर्जत नाहीतर उल्हासनगर. रात्रीपासून पोटात काही नाही. निघताना घरातलं कुणीतरी म्हणतंच, "घोटभर च्या घे, च्यानं काय व्हतंय?"

भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हिशेबात दुधाचा चहा म्हणजे खाणंच. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चहा-बिस्किटाला सहा तास जावे लागतात, तेलकट-मटणाला त्याहून जास्त. पूर्ण भूल चढली की घशाची राखण सुटते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांमधली अशी ६६ प्रकरणं मांडली, आणि उपाशीपोटी राहण्याच्या नियमाला धार आली.

भूल कोणती द्यायची, याचा अर्धा निर्णय रुग्णाच्या तोंडून येतो. ऑपरेशन कमरेखालचं असेल तर मणक्यात सुई देऊन भागतं. माणूस जागा राहतो, आपला घसा आपण सांभाळतो. (त्या सुईनेच जन्माची कंबर धरली, असं गावोगाव सांगतात. भूल न घेतलेल्या बाळंतिणींचीही कंबर धरते, हे कुणी सांगत नाही.) पण त्याच माणसाला हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तर तीच सुई घातक ठरू शकते, मणक्यात रक्त साचून नसा दबण्याची भीती असते. आजोबांनी "बीपीची एक बारकी गोळी" म्हणून सांगितलेली गोळी नेमकी कोणती, हे पाकीट पाहिल्याशिवाय कळत नाही. हात मोडला असेल तर काखेपाशी किंवा मानेपाशी नस बधिर करून काम होतं. हलणारा दात, रोजची दारू, मागच्या खेपेला भुलीने झालेला त्रास, सगळं विचारावं लागतं. बोटाची नेलपॉलिशही पुसायला लावतात, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा नखातून उजेड पाठवून वाचतो.

मला वाटतं, खरी कसोटी सुईच्या आधी, विचारण्यात आहे. "काही खाल्लं नाही ना?" असं दरडावून विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाय साहेब." प्रश्नातच उत्तर भरून दिल्यावर दुसरं काय येणार? जुने जाणते भूलतज्ज्ञ खाटेच्या कडेला टेकतात, कुठून आलात, किती वाजता निघालात असं बोलत बोलत सहज विचारतात, "मग सकाळी चहा कितीला झाला?" आणि समोरचा तितक्याच सहज सांगून जातो, "निघतानी. पाचला."

खोटं बोलण्यामागे लबाडी क्वचितच असते. एखाद्या आजीच्या मुलाने वीटभट्टीवर खाडा केलेला असतो, रिक्षाचे पैसे उसने आणलेले असतात, तारीख महिन्याने मिळालेली असते. खरं सांगितलं तर ऑपरेशन पुढे जाणार, हे आजीला पक्कं माहीत असतं. अशा वेळी नुसतं रागावून परत पाठवणं सोपं. दुपारच्या यादीत तिचं नाव सरकवणं कटकटीचं, पण ते करणारे डॉक्टर आहेत, आणि खरं त्यांनाच ऐकायला मिळतं. अडलेल्या बाईचं सिझेरियन मात्र सहा तास थांबत नाही. तिथे पोट भरलेलं आहे असंच धरून चालतात, जमेल तर मणक्यातली भूल देतात, आणि चहाचा प्रश्न तरीही विचारतात.

एरवी तारीख टळलीच, तर पुढच्या खेपेला आजीबरोबर दोघं येतात. एक सोबतीला, दुसरा चहाच्या टपरीपासून तिला लांब ठेवायला.