दुपारचा सारंग कुणी गायचा?

आपल्याकडे शास्त्रीय गाण्याचा जाहीर कार्यक्रम साधारण संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि दहाला आटपतो. आटपावाच लागतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा निकाल यांमुळे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा असतो; वर्षातल्या मोजक्या दिवशी तेवढी बारापर्यंत सूट मिळते. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. वरातीतल्या डीजेने ज्यांची झोप उडवली आहे, त्यांना तो कमीच वाटेल. पण त्याची एक झळ गाण्यालाही लागली. रागांची वाटणी आपण आठ प्रहरांत केली, आणि मंचाच्या वाट्याला त्यातला जेमतेम सव्वा प्रहर उरला. त्या सव्वा प्रहरात पूरिया, मारवा, यमन, केदार, बागेश्री आलटूनपालटून येत राहतात. तोडी, देसकार, जौनपुरी, सारंगाचे सगळे प्रकार, भीमपलास, पटदीप यांना जागा कुठे? आणि रात्रीच्या पलीकडच्या टोकाचा ललत? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं रात्रभर चालायचा. पहाटेचा राग पहाटे ऐकायला मिळायचा. आता तिथे दुपारी सत्र सुरू होतं, म्हणून मुलतानी तरी वेळेवर कानी पडतो. हा अपवाद मोठा आहे, पण अपवादच आहे.

मग दुपारचा सारंग आता राहतो कुठे? माझं उत्तर असं की तो घरात राहतो, आणि तेही ध्वनिमुद्रणात. घरी रेकॉर्ड ऐकणं म्हणजे मैफलीला जायला जमलं नाही म्हणून केलेली तडजोड, असं आपण वर्षानुवर्षं मानत आलो. हा हिशेब आता उलटा मांडायला हवा. दिवसाच्या निम्म्याहून अधिक रागांना आज आपल्या घराखेरीज दुसरं ठिकाण उरलेलं नाही.

पावससारख्या गावात हे लवकर कळतं. रत्नागिरीहून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, आंब्याच्या बागांमध्ये वसलेलं हे गाव. महाराष्ट्र त्याला ओळखतो तो स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे. गाण्यासाठी रत्नागिरी गाठावी लागते. तिथे ‘खल्वायन’ आहे, ‘आर्ट सर्कल’चा थिबा राजवाड्यातला महोत्सव आहे. जानेवारीतल्या गार हवेत, ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी बांधलेल्या त्या वाड्यापुढे बसून ख्याल ऐकणं हे सुख आहेच. पण ते वर्षातून एकदा, आणि रात्री परतायला स्वतःची गाडी असेल तर. बाकीचं वर्षभर गाणं यायचं ते रेडिओवरून, मग कॅसेटवरून, आणि आता फोनवरून.

रत्नागिरीचं आकाशवाणी केंद्र १९७७ साली सुरू झालं. त्याआधी आणि त्यानंतरही दिल्लीहून सहक्षेपित होणारा शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. तो १९५२ पासूनचा, बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असतानाचा. केसकरांनी सिनेसंगीताला आकाशवाणीचं दार लावून घेतलं म्हणून त्यांची बरीच थट्टा झाली, आणि ती त्यांनी ओढवूनही घेतली होती. पण रेडिओने एक काम कुणी न सांगता केलं. सकाळच्या सभेत सकाळचे राग, दुपारच्या सभेत दुपारचे, रात्रीचे रात्री. कोणत्याही पुस्तकाशिवाय घराघरात रागसमय पोचला. ज्या बायकांनी आयुष्यात तिकीट काढून गाणं ऐकलं नाही, त्यांनाही चुलीवर आमटी उकळत असताना सारंग लागतो आणि दिवेलागणीला वेगळं काहीतरी लागतं, हे ठाऊक झालं. रागाचं नाव सांगता येत नसे. वेळ चुकली तर मात्र खटकायची.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे: हे ऐकणं नव्हे, कानावरून जाणं. गाणं ऐकायचं तर हातातली कामं सोडून, गायकासमोर मांडी घालून. मला हा आक्षेप अर्धा पटतो. समोर बसलेल्या गायकाचा श्वास, तबलजीकडे टाकलेली नजर, चुकता चुकता सावरलेली तान हे यंत्रातून मिळत नाही. पण कान तयार होतो तो तिथे होतो का, याबद्दल मला शंका आहे. वैशाखात इथल्या प्रत्येक घरात आंब्याचं काम असतं. अढ्या लावायच्या, दर दोन दिवसांनी चाळायच्या, आंबा आकारावर निवडायचा, पाच डझनी पेटी वेगळी, सहा डझनी वेगळी. डोळे आणि हात गुंतलेले, कान मोकळे. अशा वेळी लावलेला एखादा भीमपलास सीझनभर रोज दुपारी वाजला तर काय होतं? पहिल्या आठवड्यात नुसता आवाज ऐकू येतो. नंतर कधीतरी मुखडा ओळखीचा होतो. आणखी काही दिवसांनी विलंबित एकतालाचं आवर्तन संपत आलं की मुखडा उचलण्याआधीच कानाला त्याची चाहूल लागते, आणि समेवर हातातला आंबा पेटीत पडतो. ‘सम म्हणजे काय’ हे सांगणारी व्याख्यानं मी ऐकली आहेत. या कामाइतकं चोख कुणी शिकवलेलं नाही.

आणि रेकॉर्ड ऐकून कान तर सोडाच, गवई तयार झाले आहेत. गदगला शाळेत जाता-येता दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकून एका मुलाचं चित्त उडालं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घरातून पळाला. हा मुलगा भीमसेन जोशी. पुष्कळ भटकून तो शेवटी ज्यांच्याकडे पोचला ते सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँचेच शिष्य. रेकॉर्डने त्याला घराण्याचा पत्ताच दिला म्हणायचा. कुमार गंधर्वांचं तर त्याहून नवल. मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला येण्याआधी हा मुलगा बड्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवत असे आणि सभा गाजवत असे. गुरुमुखी विद्येच्या अभिमान्यांनी या दोन नावांशी आधी हिशेब करावा.

अर्थात रेकॉर्डने गाण्याला काही केलंच नाही असं नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं तेव्हापासून ख्यालाला तीन-साडेतीन मिनिटांच्या पेटीत बसावं लागलं. शेवटी तिने इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना हे कुणाचं गाणं ते कळायला हवं म्हणून. तासभर चालणारा विस्तार तीन मिनिटांत आणताना पाणी घालून चालणार नव्हतं. जुन्या तबकड्यांमध्ये एकही स्वर उगाच लागलेला नसतो तो यामुळे. केसरबाई केरकरांची भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून ती अवकाशात गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. परग्रहवासीयांना आपलं गाणं पाठवायची वेळ आली तेव्हाही साडेतीन मिनिटं पुरली.

मग दीर्घ मुद्रिका आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. अमीर खाँच्या प्रसिद्ध मुद्रिकेत एकीकडे मारवा, दुसरीकडे दरबारी. बाजू पालटायला कुणीतरी उठायचं आणि तेवढ्या अवधीत संध्याकाळची रात्र व्हायची. किशोरीताईंचा भूपही असाच घरोघर गेला. मराठी माणसांच्या दोन पिढ्यांना त्यातली प्रत्येक जागा पाठ आहे. इथे एक गंमत झाली, आणि ती मला कोणत्याही सिद्धांतापेक्षा महत्त्वाची वाटते. ख्यालातली उपज त्या क्षणाची असते. गायिकेने ती जागा त्या दिवशी घेतली, दुसऱ्या दिवशी घेतलीच असती असं नाही. पण शंभर वेळा ऐकून ती आपल्यासाठी बंदिशीइतकी पक्की होते. मग ताईंनी मैफलीत भूप मांडला आणि ती जागा आलीच नाही, की ऐकणारे खट्टू होत. बिचाऱ्या कलावंताला स्वतःच्याच जुन्या रेकॉर्डशी स्पर्धा करावी लागते. घरी ऐकण्याचा हा खरा दोष आहे, आणि त्यावरचा उतारा म्हणजे त्याच रागाची, त्याच गायकाची दुसरी एखादी मैफल ऐकणं. जागा वेगळी येते, आणि राग तोच राहतो. राग म्हणजे काय हे त्या फरकात समजतं.

हा उतारा कॅसेटमुळे हाती आला. पुण्याच्या अलूरकरांनी मैफलींची मुद्रणं कॅसेटवर आणली तेव्हा मल्लिकार्जुन मन्सूरांची खाकर, श्रोत्यांची दाद, तंबोरा पुन्हा जुळवणं हे सगळं घरात आलं. साठ-नव्वद मिनिटांची ही कॅसेट कोकणाला मात्र मानवली नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे श्रावणात कपाट उघडावं तर फितीवर पांढरी बुरशी. शिवाय पावसाळ्यात ऐकायचं तरी कसं? पडवीच्या पत्र्यावर सर आली की मियाँमल्हाराचा मंद्रातला सगळा विस्तार त्यात बुडतो. खर्जाच्या तारेची कंपनं सेकंदाला सत्तरच्या आसपास. एरवीसुद्धा फोनचा इवलासा स्पीकर ती वाजवू शकत नाही, वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदूच ती भरून काढतो. त्यात पाऊस. म्हणून मल्हार मी मे महिन्यात ऐकतो. शास्त्राने क्षमा करावी.

आता फोन. सगळं संगीत खिशात आलं, आणि मला वाटतं नेमकी इथेच घरच्या ऐकण्याची घडी विस्कटली. आकाशवाणीच्या ‘रागम्’ वाहिनीवर २०१६ पासून चोवीस तास रागसंगीत आहे, बाकीच्या ठिकाणी तर मोजदाद नाही. पण बाजू संपत नाही, सभा संपत नाही, त्यामुळे निवडणंही संपलं. ‘मन शांत करणारे राग’ अशा नावाखाली बासरीचे तुकडे एकामागून एक वाहतात. कोण वाजवतंय हे पाहायलाही कुणी थांबत नाही. अर्धवट लक्ष देऊन ऐकण्याची बाजू मी वर घेतली आहे, पण तेच ते पुन्हा ऐकलं तरच त्या अर्धवट लक्षाला अर्थ आहे. रोज नवं आणि रोज अर्धवट, यातून हाती काही लागत नाही.

या बाबतीत पावसकरांना दूर जायला नको. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत. स्वरूपानंदांनी त्यांतून शंभरेक निवडून नित्यपाठ सिद्ध केला, आणि इथल्या कित्येक घरांत तो रोज म्हटला जातो. आज नवीन काय, असं कुणी विचारत नाही. निवड एकदा नीट करायची आणि मग ती आयुष्यभर पुरवायची, हीच रीत घरच्या गाण्याला लावून पाहावी असं मी म्हणतो. वीस-पंचवीस ध्वनिमुद्रणं पुरतात. सकाळची पाच-सहा, दुपारची तेवढीच, तिन्हीसांजेची थोडी, निजानीजेनंतरची थोडी. ती ज्याच्या त्याच्या वेळेला लावायची. कंटाळा येईल. तो ओलांडल्यावर जे ऐकू येतं ते पहिल्या ऐकण्यात कधीच येत नाही.

आणि ती मोठ्याने लावायची. कानातल्या बोंडांवर माझा राग आहे. शेजाऱ्याला त्रास नको हे शहरातल्या भिंतींना ठीक. चिऱ्याच्या घरात आणि दोन घरांमध्ये बाग असताना कुणाला कसला त्रास? गदगच्या त्या दुकानदाराने कानात बोंडं घालून झिंझोटी ऐकली असती तर भीमसेन कुठून आले असते? मुलांना गाण्याच्या क्लासला घालणारे आईबाप घरात मात्र आपापल्या कानात गाणं कोंडून घेतात. मुलाला जे कधी ऐकूच आलं नाही ते त्याने क्लासमध्ये ओळखावं, ही अपेक्षा फाजील आहे.

एक काम मात्र तातडीचं आहे. कोकणात अनेक घरांच्या माळ्यावर अजून कॅसेटचे खोके आहेत. विकतच्या कॅसेटचं एवढं नाही, त्या दुसरीकडे मिळतील. पण देवळातल्या उत्सवात, कुणाच्या ओटीवर, मुंजीच्या आदल्या रात्री झालेल्या गाण्याचं कुणीतरी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून केलेलं मुद्रण त्यात असतं, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी स्थापन झाली म्हणून जुन्या तबकड्यांची काही निगा राखली गेली. घरगुती कॅसेटला असा वाली नाही. बुरशी लागलेली फीत बहुधा साफ करता येते. पण लेप सुटू लागला की इलाज नाही. तेव्हा दिवाळीची साफसफाई झाली असेल आणि तो खोका बाहेर निघाला असेल, तर रद्दीवाल्याला देऊ नका. उन्हाळ्याच्या आत त्यातल्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्या, आणि घरातलं जे जुनं माणूस त्या रात्री तिथे हजर होतं, त्याला विचारून प्रत्येकीवर गाव, साल, गाणारा आणि तबल्याला कोण होतं ते लिहून ठेवा.