मर्यादेत आहे

ट्रिम बॅलन्सिंग करून इंजिनाच्या कंपनाचा आकडा खाली आला की मला हायसं वाटतं. या हायसं वाटण्याकडे मी कधी नीट पाहिलेलं नव्हतं. नोकरी विमानाच्या देखभालीची, लायसन्स नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं (डीजीसीए), आणि माझी सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. त्या सहीच्या आधी मनात जे निवतं, ते इंजिन बरं झालं म्हणून, की सुई गप्प बसली म्हणून? (सुई म्हणायची सवय राहिली आहे. आता पडद्यावर आकडाच दिसतो.)

ट्रिम बॅलन्सिंगचं काम दिसायला सोपं. बोइंग ७३७ च्या सीएफएम ५६-७बी इंजिनाच्या फॅनला टायटॅनियमची २४ पाती असतात आणि पूर्ण वेगात तो मिनिटाला पाच हजारांहून जास्त फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ८६. त्यामागचा गाभा मिनिटाला १४ हजारांच्या वर. एवढ्या वेगात काही ग्रॅमचा फरकसुद्धा बेअरिंगवर आपटत राहतो. इंजिनावर बसवलेले स्फटिकाचे सेन्सर तो हादरा विजेच्या संकेतात बदलतात आणि संगणक त्यातून फॅनच्या फेऱ्याबरोबर येणारं कंपन वेगळं काढतो. मग फॅनच्या पुढच्या शंकूवरचे वेगवेगळ्या वजनाचे स्क्रू अदलाबदल करायचे. कुठला कुठे, तेही संगणकच सांगतो. इंजिन पुन्हा चालवायचं, आकडा उतरतो.

पण तोल गेला कशानं, हे स्क्रू सांगत नाहीत. पात्यांच्या मुळाशी लावलेलं वंगण झिजलं असेल, पक्षी आपटून एखाद्या पात्याची कड मुडपली असेल, आणखी काही सुटू लागलं असेल. पाती काढून, मुळं पुसून, बघून, नव्यानं वंगण लावायला वेळ लागतो. स्क्रू बदलायला थोडा. दोन्ही वाटांनी आकडा उतरतो आणि दोन्ही कामं नियमात बसतात.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला. आमच्याकडे यंत्राच्या आवाजाशी माणसाचं जुनं नातं आहे. तालुक्यातल्याच सातारा रोड या गावी कूपरचा कारखाना, लोखंडी नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत पोचलेला. पुढं तो वालचंद समूहात गेला. त्याच वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, हे मला फार उशिरा कळलं आणि उगाच छाती फुगली. विहिरीवर मोटर दुरुस्त करायला येणारे मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. त्यांच्याकडे कुठला आकडा नव्हता, मर्यादाही नव्हती. "अजून चालंल, पण चांगलं न्हाई," असं ते सांगून टाकत. मला आज यातलं 'पण चांगलं न्हाई' उच्चारायला जागा नाही. माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत: मर्यादेत आणि मर्यादेबाहेर. ०.८ चा आकडा महिन्याभरात १.६ झाला तरी तो मर्यादेतच असतो.

तरी मिस्त्रींच्या कानाचं कौतुक मी जपून करतो, कारण माणसाच्या अंदाजावर विसंबण्याचा परिणाम माझ्या धंद्याला ठाऊक आहे. ८ जानेवारी १९८९ ला हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या ७३७-४०० च्या डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं. विमान थडथडू लागलं, धुराचा वास आला. वैमानिकांनी उजवं इंजिन बंद केलं. डाव्या इंजिनाचं कंपन दाखवणारा दर्शक शेवटच्या टोकाला जाऊन बसला होता. पण तो डायल लहान, आणि जुन्या विमानांवरची असली उपकरणं इतकी बेभरवशाची की त्यांच्याकडे बघायची सवयच वैमानिकांना उरली नव्हती. योगायोगानं उजवं इंजिन मंद करताच थरथर कमी झाली, आणि चुकीचा निर्णय बरोबर वाटला. केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या अलीकडेच विमान कोसळलं. १२६ पैकी ४७ माणसं गेली.

थरथर कमी झाली म्हणजे बरोबर केलं, ही समजूत वाचताना मी दर वेळी थांबतो. स्क्रू बदलून झाल्यावर मलाही तेच वाटतं.

उलट टोकही आहे. १७ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत साउथवेस्टच्या ७३७ चं पातं हवेत तुटलं, खिडकी फुटली, एक प्रवासी दगावली. भेग पात्याच्या मुळाशी, खाचेत बसणाऱ्या भागात होती, आणि २०१२ च्या ओव्हरहॉलमध्ये ती सापडली नव्हती. मुळाशी वाढणारी भेग वजन इकडचं तिकडे करत नाही. तुटेपर्यंत कंपनाच्या आकड्याला सांगण्यासारखं फारसं काही नसतं. असली भेग दिसली तर पाती काढून तपासल्यावरच दिसते. म्हणजे शांत आकड्यालाही मी पुरावा मानू शकत नाही.

मग मी काळजी घेतो ती कुणासाठी? मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसासाठी, असं म्हणायला आवडेल. खरं सांगायचं तर सही करताना डोळ्यासमोर प्रवासी नसतो, चौकशी समिती असते. कागद तिच्यासमोर टिकेल ना, एवढंच मन तपासतं. भीतीनं केलेलं काम वाईट असतं असं नाही. बऱ्याचदा ते चोखच असतं. पण भीती कागद संपतो तिथं संपते, आणि भेग कागदाच्या पलीकडे वाढत असते.

शिकाऊ पोरं विचारतात, "साहेब, मर्यादेत आहे ना, मग पाती कशाला काढायची?" मी चढत्या आलेखाकडे बोट दाखवतो, खाच आणि वंगण समजावतो. पोरं माना डोलावतात. ती विचारत नाहीत तो प्रश्न असा: तोच आकडा, तोच चढ असताना दुपारी दोनला मी पाती काढायला सांगतो. पहाटे चारला, सहाच्या उड्डाणाचे प्रवासी बोर्डिंग पास घेऊन बसलेले असताना, तेच सांगतो का? दोन्ही वेळेला मॅन्युअल माझ्याच बाजूनं असतं.

इंजिनाचा आलेख काढतो तसा आता मी माझ्या निर्णयांचा काढायला घेतला आहे. घरच्या वहीत तारीख, वेळ, आकडा, पाती काढली की स्क्रूवर भागवलं. ही वही डीजीसीए मागणार नाही, दुसरंही कुणी मागणार नाही. दुपारचा रकाना मी बायकोलाही दाखवला. पहाटेचा अजून एका ओळीत लावून वाचलेला नाही.