दुसरा डाव

एकदा खेळून संपवलेला खेळ माणूस पुन्हा का खेळतो? नाटकाच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारीत नाही. ‘एकच प्याला’ दहाव्यांदा पाहणाऱ्यालाही सुधाकर पेला उचलणार हे ठाऊक असते; पण त्याला ओरडून थांबवण्याची जबाबदारी प्रेक्षकावर नसते. खेळात ती येते, आणि माझ्या मते सारा घोटाळा तिथेच आहे.

‘हाफ-लाइफ’ हा गोळ्या झाडण्याचा खेळ १९९८ साली कॉम्प्यूटरवर आला आणि २००१ साली ‘प्लेस्टेशन २’ या, घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर. (वडीलधाऱ्यांना घरची मुले अधिक नीट समजावून सांगतील.) न्यू मेक्सिकोतल्या ‘ब्लॅक मेसा’ नावाच्या काल्पनिक प्रयोगशाळेत एक प्रयोग फसतो, भलत्याच जगातले प्राणी आत घुसतात, आणि गॉर्डन फ्रीमन हा पदार्थवैज्ञानिक त्यांतून वाट काढीत निघतो. तो म्हणजे आपण. घरच्या यंत्रावर माउस जातो आणि अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या येतात. एक कळ दाबली की यंत्रच नेम शत्रूवर खिळवून देते. हातांना सारे नवे. मनाला मात्र प्रत्येक दार ओळखीचे.

एका प्रसंगी लष्कराचे शिपाई येतात. सुटका झाली असे समजून एक शास्त्रज्ञ त्यांच्याकडे धावत जातो आणि गोळी खाऊन पडतो. पहिल्या खेपेला आपणही त्याच्याइतकेच भाबडे असतो. दुसऱ्या खेपेला नसतो. पण त्याला सांगणार कसे? फ्रीमन साऱ्या खेळात एक अक्षर बोलत नाही. पुढचे सगळे ठाऊक असलेला मुका माणूस!

पहारेकऱ्यांची गोष्ट याहून अवघड. कळ दाबली की ते मागोमाग येतात, आपल्यासाठी पिस्तूल चालवतात. पण त्यांना शिडी चढता येत नाही, म्हणून ती आली की मागे राहतात. तिथवर त्यांना जिवंत आणले तरी त्याबद्दल गुण नाहीत, बक्षीस नाही. कोणी म्हणेल, चित्रातल्या माणसाचे मरण ते काय! कबूल, कोणीच मरत नाही. पण पुढच्या खोलीत काय दबा धरून बसले आहे हे पक्के ठाऊक असताना त्याला सोबत न्यायचे, गोळ्या त्याच्या अंगावर झेलू द्यायच्या आणि आपण भिंतीआड राहायचे, हा हिशेब चित्रातला नसतो. तो खेळणाराच करतो, तोही सोफ्यावर बसून, चहा पीत. पहिल्या डावात ‘ठाऊक नव्हते’ ही सबब तरी असते.

हल्ली मी पहारेकऱ्याला दाराबाहेर उभा करतो आणि आत एकटा जातो. अंगठे अवघडतात, निम्म्या गोळ्या भिंतीत जातात. परत येतो तेव्हा तो तिथेच उभा असतो, आणि कळ दाबली की निमूटपणे मागे चालू लागतो. पुढे शिडी आहे, हे त्याला सांगण्याची काही सोय नाही.