टायरॉड सगळ्यात शेवटी

चि. ओंकार यास,


लेकरा, तुझ्या आईचा काल फोन आला. पगारातून साठवून तू जुनी एमएम ५४० जीप घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. आता ती चार इंच उचलून, मोठे टायर घालून दिवाळीत माहूर-किनवटच्या डोंगरात नेणार म्हणे. गाडी तू जिवापाड जपशील, त्याची मला शंकाच नाही. काळजी आहे ती त्या दिवाळीची, कारण स्टिअरिंगचं काम तारखेला बांधून होत नाही.

आपल्या नांदेड-लातूरकडं या जिपांनी किती ओझं वाहिलं ते तुला आठवायचं नाही. काळ्या-पिवळ्या जिपांत आत दाटीनं माणसं, टपावर गाठोडी, मागं लोंबकळणारी पोरं नि खाली काळ्या मातीचा चिखल! तरी स्टिअरिंग टिकायचं, कारण प्रत्येक दांड्याचा कोन गाडीच्या मूळ उंचीला बेतलेला होता. तू चेसिस वर घेतलंस की स्टिअरिंग बॉक्स त्याच्याबरोबर वर जातो, ॲक्सल मात्र खालीच राहतो, आणि दोघांना जोडणारी ड्रॅग लिंक तिरपी होते. मग चाक खड्ड्यात गेलं की तीच लिंक चाकाला ओढते-ढकलते, नि तू स्टिअरिंग सरळ धरलेलं असूनही गाडी बाजूला पळते. त्यावर उपाय म्हणून बॉक्सला लावायची, खाली वाकवलेली ड्रॉप आर्म मिळते. तिनं लिंक पुन्हा आडवी होते, पण बॉक्सच्या शाफ्टवरचा ताण वाढतो, बरं का.

मोठा टायर दगडात अडकला की हिसकाही मोठा. म्हणून पोरं पुढची दोन्ही चाकं जोडणारा टायरॉड जाड नळीचा करून घेतात आणि तो वाकत नाही म्हणून खूश होतात. पण बाळा, तो हिसका जातो कुठं? आधी त्याच्या टोकाच्या सांध्यावर, म्हणजे एंडच्या बॉलवर, तिथून लिंकमधून बॉक्सवर, नि शेवटी बॉक्सचे बोल्ट चेसिसला जिथं बसतात त्या पत्र्यावर. अशा एका जिपेचं चेसिस बोल्टाच्या भोकापासून चिरलेलं मी पाहिलंय. केसाएवढी रेघ, वर तेलकट चिखल, म्हणून कुणाच्या नजरेलाच आली नव्हती. तेव्हा आधी चेसिस बघ, मग बॉक्स, मग आर्म नि लिंक, आणि टायरॉड सगळ्यात शेवटी.

तू पहाटे उठतोसच, तो तासभर या गाडीला दे. रात्री चेसिस धुऊन ठेव आणि सकाळच्या तिरप्या उजेडात बॉक्सभोवती बघ. गंजाची तांबूस रेघ दिसली तर तिथं चीर आहे असंच धरून चाल. मग इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, अशी गाडी उभी ठेवून धाकट्या भावाला स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवायला सांग, आणि तू खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेव. जिथं टक् लागेल तो एंड बदलायचा. कुणी म्हणेल, स्टिअरिंगला डॅम्पर लाव, थरथर जाईल. थरथर जाईल, झिजलेला एंड तसाच राहील.

काटकसर तू आजीकडून घेतलीस. बंपर, दिवे, रंग वर्षभर थांबले तरी चालेल. पण स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरू नको, आणि भोक जुळत नाही म्हणून नट मागं फिरवू नको, पुढंच आवळ. वाकलेला टायरॉड ठोकून नि वेल्डिंग मारून तर कधीच चालवू नको.

आणखी एक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. तेव्हा पैसे मोजण्याआधी नांदेडच्या आरटीओत विचारून ये. माझं विचारशील तर चार इंच कशाला? दीड-दोन इंचात भागतं, दांडेही फारसे तिरपे होत नाहीत.

काम झालं की शे-दोनशे किलोमीटर आपल्या रस्त्यांवरच फिरव, सगळे बोल्ट पुन्हा आवळ, ब्रेकचे होस ताणले जात नाहीत ना ते बघ, अन् मगच किनवटचं नाव काढ. जुना टायरॉड सरळ असेल तर भंगारात घालू नको. एंडचं माप जुळत असेल तर मागच्या बाकाखाली बांधून ठेव, पान्यासकट.

तुझा,
आबा